फारसीतला 'नाही' आणि 'शिवाय'

'टोळधाड आली आणि उभे पीक नेस्तनाबूत करून गेली' असे वाक्य आपण सहज बोलून जातो. त्या 'नेस्तनाबूत' शब्दात किती 'नाही' दडलेले आहेत, हे मोजण्याची वेळ कुणावर येत नाही. दोन आहेत. 'नेस्त' म्हणजे 'नाही', आणि 'नाबूद' म्हणजे, शब्दशः घ्यायचे तर, 'नव्हते'. आज नाही आणि जणू पूर्वीही नव्हते, इतके पुसून टाकलेले, ते नेस्तनाबूत. मूळ फारसी जोडी 'नेस्त-ओ-नाबूद' अशी आहे. मधला 'ओ' म्हणजे 'आणि'. तो आपल्या बोलण्यात झिजून गेला आणि शेवटच्या 'द'चा 'त' झाला, एवढेच.

हे एवढ्यासाठी सांगितले की, फारसी भाषा म्हणजे आपल्याला अगदीच परकी, अशी समजूत करून घेऊन कुणी रेडिओ बंद करू नये. १३४७ साली दक्षिणेत बहमनी राज्य उभे राहिले, तेव्हापासून कितीतरी पिढ्या फारसीतले कागद आपल्या गावागावांतून फिरत होते. त्यातले पुष्कळ शब्द आपण विसरलो, पुष्कळ ठेवून घेतले. आज मी फारसीतल्या दोनच गोष्टींबद्दल बोलणार आहे. एक 'नाही', आणि दुसरी 'शिवाय', म्हणजे अपवाद. या दोन गोष्टी साध्या दिसतात. पण या दोहोंपायी मी एकदा एका घराण्याच्या पूर्वजाला खोटे पाडले होते. ती हकीकत पुढे येईलच.

आधी 'नाही' पाहू. शिक्षक मंडळींना संस्कृतातले 'अस्ति' आणि 'नास्ति' माहीत आहेत. फारसीत 'आहे' याला 'अस्त' म्हणतात आणि 'नाही' याला 'नीस्त'. आता हे नाते वेगळे सांगायला नको. 'आब सर्द अस्त' म्हणजे पाणी थंड आहे. 'आब सर्द नीस्त' म्हणजे पाणी थंड नाही. आपण 'नेस्त' म्हणतो आणि आजचा इराणी माणूस 'नीस्त' म्हणतो. पण यात आपले चुकले असे समजू नका. जुना उच्चार 'नेस्त' असाच होता. हिंदुस्थानात तो टिकला आणि इराणात पालटला. 'बेकार'चेही तेच. तिकडे आता 'बीकार' म्हणतात.

हा 'नीस्त' आपल्या 'नाही'सारखाच चालतो. आपण 'तू नाहीस', 'ते नाहीत' असे त्याला प्रत्यय लावतो, तसेच ते 'नीस्तम, नीस्ती, नीस्तंद' असे लावतात. मी नाही, तू नाहीस, ते नाहीत.

बाकीच्या क्रियापदांना मात्र नुसता 'न' पुरतो, आणि तो क्रियापदाच्या डोक्यावर बसतो. आपण 'गेला नाही' म्हणतो, म्हणजे नकार शेपटीला. ते 'नरफ्त' म्हणतात, म्हणजे नकार आधी. 'रफ्त' गेला, 'नरफ्त' गेला नाही. 'आमद' आला, 'नयामद' आला नाही. इथे 'न' आणि 'आ' यांची टक्कर होऊ नये म्हणून मध्ये एक 'य' घातला आहे. 'मीरवम' मी जातो, 'नमीरवम' मी जात नाही. आजच्या तेहरानात हे 'नेमीरवम' असे ऐकू येईल. आपल्याकडचे जुने उस्ताद 'नमी' शिकवीत. दोन्ही चालते.

दोन शब्दांचे क्रियापद असेल तर नवशिका हमखास फसतो. 'कार मीकुनद' म्हणजे तो काम करतो. काम करत नाही हे सांगताना 'न' कुठे लावायचा? 'कार'ला नव्हे. तिथे लावला तर आपला 'नकार' तयार होईल, फारसी होणार नाही. तो खऱ्या क्रियापदाला लावायचा: 'कार नमीकुनद'. भविष्यकाळात 'ख्वाहम रफ्त', मी जाईन. हा शब्द लिहितात 'ख्वाहम' आणि वाचतात 'खाहम'. त्याचा नकार 'नख्वाहम रफ्त'. म्हणजे जे क्रियापद पुढे उभे राहून काळ दाखवते, त्याच्या डोक्यावर 'न'.

आज्ञेचा आणि इच्छेचा प्रकार थोडा निराळा. 'बिकुनंद' म्हणजे त्यांनी करावे. त्यातला 'बि' हा आज्ञेचा, इच्छेचा प्रत्यय. नकार आला की 'बि' उठतो आणि त्याच जागी 'न' बसतो: 'नकुनंद', त्यांनी करू नये. एका खुंटीवर एकच टोपी. जुन्या फारसीत 'करू नकोस' याला 'मकुन' असेही म्हणत, आणि तो 'म' म्हणजे संस्कृतातला निषेधाचा 'मा'. पण 'बिकुनंद' आणि 'नकुनंद' ही जोडी मात्र आपण नीट ध्यानात धरा. आपले सारे प्रकरण तिच्यावरच बेतलेले आहे.

फारसी लिपी ज्यांनी पाहिलेली नाही, त्यांना तोंडी सांगतो. शब्दाच्या आरंभी 'न' आणि 'ब' ही दोन्ही अक्षरे सारखीच दिसतात: एक लहानसा दात. त्या दातावर टिंब दिले तर 'न', दाताखाली दिले तर 'ब'. बस्स, एवढाच फरक. 'करावे' आणि 'करू नये' यांच्यामध्ये एका टिंबाचे अंतर, तेही वर की खाली एवढ्यापुरते. छापील पुस्तकात टिंबे जागच्या जागी असतात. पण जुने दफ्तर शिकस्ता वळणात लिहिलेले असते. शिकस्ता म्हणजे मोडलेले. कारकुनाला घाई असे, तो टिंबे गाळीत असे. आमच्या मोडीसारखाच प्रकार. आणि टिंब नसले म्हणजे तो दात 'न'ही म्हणवतो आणि 'ब'ही.

ताजिकिस्तानात हीच भाषा रशियन वळणाच्या लिपीत लिहितात. तिथे 'न' आणि 'ब' यांची अक्षरे साफ वेगळी असल्यामुळे तिथल्या विद्यार्थ्याला हा त्रास नाही. त्याचा मला कधीकधी हेवा वाटतो.

आता हकीकत. मला कॉलेजात लागून दोनच वर्षे झाली होती. कृष्णाकाठच्या एका गावातले एक वृद्ध गृहस्थ नातवाला घेऊन माझ्याकडे आले. त्यांना सारे आबा म्हणत. देवळाच्या दिवाबत्तीसाठी त्यांच्या घराकडे पूर्वी थोडी जमीन होती, आणि तिचा म्हणून एक फारसी कागद कापडात गुंडाळून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला होता. जमिनीचा प्रश्न केव्हाच संपलेला होता. आबांना कोर्टात जायचे नव्हते. त्यांच्या घरात एक गोष्ट चालत आलेली होती, की आपल्या मूळ पुरुषाने अंमलदारांच्या जादा पट्ट्या बंद करवून आणल्या आणि तसा हुकूम लिहून घेतला. ती खरी की खोटी, एवढेच त्यांना माझ्या तोंडून ऐकायचे होते.

मी कागद उजेडात धरला. बहुतेक मजकूर लागला. शेवटचे वाक्य मोलाचे होते. 'गैर अज मामूल', म्हणजे मामूल जे असेल त्याशिवाय, पुढे एक गिचमिडलेला शब्द, मग 'तलब', म्हणजे मागणी, आणि शेवटी तो टिंब नसलेला दात व 'कुनंद'. गिचमिडलेल्या शब्दाच्या आरंभी 'ह' दिसत होता. मी तो 'हम' असा घेतला. 'हम' म्हणजे 'सुद्धा'. आणि क्रियापद 'बिकुनंद'. वाक्य कसे झाले? 'मामूलाशिवाय आणखीसुद्धा मागणी करावी.' मी आबांना सांगितले की, कागदात माफी नाही. उलट जादा वसुलीचा हुकूम आहे.

आबा काही बोलले नाहीत. कागद पहिल्या घडीवरच पुन्हा दुमडला. नातू मात्र म्हणाला, "म्हंजी आमचं म्हातारं खोटंच सांगत आलं म्हणायचं." ते गेले. मला त्यात काही विशेष वाटले नाही, हे आज कबूल केले पाहिजे. मला माझ्या वाचनाचा अभिमानच वाटला होता.

मी त्या वाक्याची नक्कल उतरून घेतली होती. आठवड्याने ती आमच्या उस्तादांना दाखवली. ते तेव्हा सेवानिवृत्त होते आणि त्यांची दृष्टीही अधू झाली होती. त्यांनी नक्कल डोळ्यांजवळ नेली आणि विचारले, "हा 'हम' तुम्ही कुठून आणलात? याला शेपूट आहे. हा 'हीच्' आहे."

'हीच्' म्हणजे 'काहीही' किंवा 'कोणतेही'. पण प्रश्न सोडले तर तो बहुधा नकारातच वावरतो. आपल्या मराठीतला 'हीच' वेगळा. म्हणून मी याचा पाय मोडून म्हणतो. 'हीच् कस नयामद', म्हणजे कोणीही आले नाही. 'हीच् नगुफ्त', काहीही बोलला नाही. नीट पाहा: 'हीच्' आला तरी क्रियापदाला 'न' लागलेलाच आहे. मराठीतही 'कोणीही आले नाही' यात 'नाही' शेवटी लागतोच. इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलाला हे चमत्कारिक वाटते. इंग्रजीत 'नोबडी केम' म्हटले की काम झाले. क्रियापदाला वेगळा नकार लावला तर मास्तर लाल रेघ ओढतात. त्यामुळे ते मूल फारसीत 'हीच् कस आमद' लिहिते. त्याला मी एवढेच सांगतो की, बाबा, इंग्रजी विसर आणि मराठीत बोल. म्हणजे फारसी आपोआप बरोबर येईल. 'हर्गिज', म्हणजे कधीही, याचाही तोच स्वभाव. 'हर्गिज दुरूग नगुफ्त', तो कधीही खोटे बोलला नाही.

तर मग वाक्यात 'हीच्' आहे म्हटल्यावर क्रियापद 'बिकुनंद' असूच शकत नाही. टिंब असो वा नसो, तो दात 'न'चाच. 'गैर अज मामूल हीच् तलब नकुनंद.' मामूलाशिवाय काहीही मागू नये. आबांच्या घरची गोष्ट अक्षरशः खरी होती. खोटा मी ठरलो होतो.

इथे 'शिवाय'ची मौज पाहा, कारण माझ्या चुकीचा अर्धा दोष त्याच्याकडेही जातो. 'गैर अज' म्हणजे शिवाय. आणि आपला 'शिवाय' हा शब्दही त्याच वाटेने आलेला, 'सिवा' या अरबी-फारसी शब्दावरून. हा दोन्ही भाषांत दुतोंडी आहे. 'हसनशिवाय हुसेनही आला' म्हटले तर हसन आलेला आहे. 'हसनशिवाय कोणी आले नाही' यातही हसन आलेला आहे. पण 'हसनशिवाय सगळे आले' म्हटले की हसन आलेला नाही! शब्द एकच, हसनही एकच. कधी तो आत, कधी बाहेर. फारसीत हीच तीन वाक्ये अशी: 'गैर अज हसन, हुसेन हम आमद', 'गैर अज हसन हीच् कस नयामद', 'गैर अज हसन हमे आमदंद'. 'हमे' म्हणजे सगळे. तेव्हा नुसत्या 'शिवाय'कडे पाहून अर्थ ठरवू नये. त्याचा सोबती कोण आहे ते पाहावे. सोबती 'हम', म्हणजे 'सुद्धा', असेल तर भर पडते. सोबती 'सगळे' किंवा 'कोणीही' असेल तर वगळणूक होते. मी सोबत्याचाच शब्द चुकीचा वाचला, त्यामुळे वगळणुकीची भर झाली.

अपवादाचा फारसीतला सगळ्यांत नेटका शब्द 'जुज'. 'हमे आमदंद जुज हसन', हसन सोडून सगळे आले. 'जुज नान चीजी नखुर्द', भाकरीशिवाय काही खाल्ले नाही. या वाक्यात 'न' आहे, पण त्या माणसाने भाकरी खाल्लेली आहे. नकार आणि अपवाद एकत्र आले की त्यांच्यातून 'फक्त' निघतो: त्याने फक्त भाकरी खाल्ली. विद्यार्थी घाईने वाचतो, 'नखुर्द' दिसते आणि लिहून मोकळा होतो की भाकरी खाल्ली नाही. ताट आधी पाहावे आणि मग ठरवावे.

आपल्या जुन्या इनामपत्रांतून याच जातीचा एक शब्द सारखा भेटतो, 'खेरीज'. गाव इनाम दिल्याचे लिहून झाले की 'खेरीज हक्कदार व इनामदार करून' असे शब्द येतात. 'खारिज' म्हणजे बाहेरचे. त्याचा अर्थ असा की, त्या गावात आधीपासून ज्यांचे हक्क आणि इनाम चालत आले आहेत, ते या देणगीच्या बाहेर राहिले. नव्या धन्याने त्यांना हात लावायचा नाही. पाटील-कुलकर्ण्यांचे, जुन्या वृत्तिवंतांचे जिणे त्या एका 'खेरीज'च्या आडोशाला होते. त्याच धर्तीवर 'हर साल ताजा सनदेचा उजूर न करणे' असा निषेधही असे. दरवर्षी नवा कागद आणा म्हणून अडवू नका, असा त्याचा भाव. 'उजूर' फारसी आणि 'न करणे' मराठी. पण 'न' पुढे ठेवण्याची लकब मात्र फारसी हुकमाच्या वळणाची दिसते.

शिवाजीमहाराजांनी १६७७च्या सुमारास रघुनाथपंडिताकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, हे आपणांस माहीत आहे. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, शस्त्रवर्ग असे दहा वर्ग पाडून कारभारातल्या फारसी शब्दांना त्यात संस्कृत शब्द दिले. हुद्दे, वस्तू, शस्त्रे यांची नावे पालटता येतात. पण 'शिवाय', 'खेरीज', 'बगैर' हे चिमुकले शब्द त्यानंतरही जिभेवरून उतरले नाहीत. माझ्या मते भाषेचा खरा संबंध या लहान शब्दांत दिसतो. मोठे शब्द पाहुण्यासारखे येतात आणि जातात. पुढे माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, १९२५ साली फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. शाळेच्या कपाटात तो असेल तर मुलांना एक तास उलटसुलट चाळू द्यावा. व्याकरणाच्या चार तासांचे काम होते.

आता 'मगर'. वर्गात हा शब्द उच्चारला की हशा ठरलेला, कारण आपली मगर नदीत असते. हिंदीत 'मगर' म्हणजे 'पण'. फारसीत मात्र त्याचे मूळ काम अपवादाचे. 'हीच् कस नयामद मगर हसन', हसन सोडून कोणी आले नाही. त्याच्यापुढे 'ईन्के' जोडला की अट तयार होते: 'नमीरवम मगर ईन्के ऊ बियायद', तो आल्याशिवाय मी जाणार नाही. हेच दुसऱ्या तऱ्हेने सांगायचे तर 'ता ऊ नयायद नमीरवम', जोवर तो येत नाही तोवर मी जात नाही. दोन्हीकडे नकार, आपल्यासारखाच.

प्रश्नात आला की 'मगर' आणखी खोडकर होतो. 'मगर नगुफ्तम?' म्हणजे 'मी सांगितले नव्हते का?' म्हणणाऱ्याने सांगितलेले असते. 'मगर दीवाने-ई?' म्हणजे 'तू वेडा आहेस की काय?' विचारणाऱ्याला तो वेडा नाही हे ठाऊक असते. असा प्रश्न आला की क्रियापद जे दाखवील, त्याच्या उलटे उत्तर मनात धरायचे.

नकारार्थी प्रश्नाला होकारार्थी उत्तर देण्यासाठी आजच्या इराणात एक खास शब्द आहे, 'चेरा'. एरवी त्याचा अर्थ 'का'. पण 'नमीदानी?', म्हणजे तुला माहीत नाही?, असे कुणी विचारले, तर 'चेरा, मीदानम'. नुसते 'हो' म्हटले तर 'हो, माहीत नाही' असा घोळ होईल. आपल्याकडे हे काम कोण करते? 'की' करतो. "तुला पोहता येत नाही?" "येते की!" पुस्तकी व्याकरणात या 'की'ला मान मिळत नाही, पण त्याच्यावाचून खेड्यातले एकही भांडण पुरे होणार नाही.

दोन 'न' जोडीने आले तर मात्र 'हीच्'चा नियम लागू होत नाही. 'न ईन आमद, न आन', ना हा आला, ना तो. क्रियापद साधेच, 'आमद'. मराठीतही आपण 'ना हा आला ना तो' म्हणतो. शेवटी 'नाही' जोडत नाही.

आणि शिक्षकांसाठी एक धोक्याची जागा: 'हमे नयामदंद', सगळे आले नाहीत. वर्गात एकही मूल नव्हते, की काही होती आणि काही नव्हती? फारसीत संदिग्ध, मराठीतही संदिग्ध. हजेरीपटावर असे लिहू नये. एकही आले नसेल तर सरळ 'हीच् कस' म्हणावे.

शब्दाच्या मागे लागणाऱ्या नकारांबद्दल थोडक्यात बोलतो, कारण ते आपल्या घरचेच झाले आहेत. 'बे' म्हणजे वाचून, त्याच्यापुढे वस्तूचे नाव येते. बेवारस, बेकायदा, आणि महसुली दफ्तरातले 'बेचिराख' गाव. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही, ते बेचिराख. देणे फिटले की खाते 'बेबाक' झाले म्हणत, म्हणजे बाकी उरली नाही. 'ना' हा बहुधा गुणाच्या किंवा क्रियेच्या शब्दाला लागतो: नापसंत, नालायक, नादान. 'दान' म्हणजे जाणणारा. 'गैर' म्हणजे भलताच, दुसरा. म्हणून 'नासमज' आणि 'गैरसमज' यांत अंतर आहे. नासमज माणसाला समजलेले नसते. गैरसमज झालेल्याला समजलेले असते, पण भलतेच. मी आबांच्या कागदाबाबत नासमज असतो तर परवडले असते. 'नापीक' आणि 'नापास' ही आपली स्वतःची कलमे: एकाचे खोड मराठी, दुसऱ्याचे इंग्रजी, आणि डोळा फारसी.

उस्तादांकडून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी एस.टी.ने आबांच्या गावी गेलो. ते ओसरीवर बसले होते. मी चूक सांगितली. त्यांनी आतून कागद मागवला, माझ्यापुढे पसरला आणि म्हणाले, "मास्तर, ते टिंब कुठं हाय ते दावा बघू."

"आबा, टिंब नाहीच. कारकुनाने दिलेलेच नाही."

"मग तुमी कशावरनं म्हंता, की 'करू नये' असंच हाय?"

मी 'हीच्'वर बोट ठेवले आणि म्हटले, "हा शब्द आहे ना, तो 'नाही'वाचून राहत नाही. आपण 'काही बी' म्हटले की पुढे काय येते? 'काही बी घेऊ...'"

"'नका,'" आबा म्हणाले. मग त्यांनी नातवाला हाक मारली आणि त्या शब्दावर त्याचेही बोट ठेवायला लावले.

आता वहीत उतरून घ्यायला तीन वाक्ये सांगतो. अर्थ आपण लावावा. लागणारे शब्द वर येऊन गेलेच आहेत. एक: 'जुज आब चीजी नख्वाहम खुर्द'. फारसीत पाणीसुद्धा 'खातात', एवढे ध्यानात असू द्या. दुसरे: 'गैर अज नान, आब हम नीस्त'. आणि तिसरे मुद्दाम टिंब न देता सांगतो. क्रियापदाच्या आधीची रिकामी जागा 'न'ने भरायची की 'बि'ने, ते आपणच ठरवावे: 'हर्गिज ईन कार — कुनंद'.